घर कसे सांभाळता?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे नटीची मुलाखत कुठेही वाचा, कुठेही ऐका, तिच्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "एवढ्या धावपळीत तुम्ही घर कसे सांभाळता?" मग नटी हसते, सासूबाईंचे नाव घेते, "घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय हे शक्यच झाले नसते" असे म्हणते, आणि प्रश्न विचारणारा व ऐकणारे अशा सर्वांनाच हायसे वाटते. बाई कितीही मोठी झाली तरी चूल शाबूत आहे ना, एवढे आपल्याला समजले की पुरे! हाच प्रश्न एखाद्या नटाला विचारलेला मी अद्याप ऐकलेला नाही. त्याला विचारतात, भूमिकेचा अभ्यास कसा केलात.

गेल्या वर्षी आपल्या स्नेहसंमेलनाला मालिकांतून काम करणाऱ्या एक अभिनेत्री पाहुण्या म्हणून आल्या होत्या. विद्यार्थ्यांनी त्यांना आठ प्रश्न विचारले. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. पाच प्रश्न घर, नवरा व मुलगी यांच्याविषयी होते, दोन आहार व त्वचेविषयी, आणि एक "आमच्यासाठी संदेश काय?" हा. त्या स्वतःहून सांगू लागल्या होत्या की, मालिकेचे प्रसंग क्रमाने चित्रित होत नाहीत. कित्येकदा माणूस मेल्याचे रडणे आधी रडावे लागते आणि मरणाचा प्रसंग चार दिवसांनी होतो, तेव्हा तेच दुःख, त्याच मापाचे, पुन्हा कोठून आणायचे, ही खरी परीक्षा असते. एवढ्यात सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचे सांगितले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी ऐकण्यासारखे जे एकच वाक्य होते, ते अर्धेच राहिले.

मराठी भाषा या बाबतीत फार चोख आहे. पुरुष घर चालवतो, बाई घर सांभाळते. मुलगा मिळवता झाला की घराला आधार आला म्हणतात, मुलगी मिळवती झाली की हातभार लागला म्हणतात. मग दोघांचा पगार सारखा का असेना! मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की, ज्या नट्यांना आपण "घर कसे सांभाळता" म्हणून विचारत आलो, त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी घर चालवले आहे. आणि ते श्रेय त्यांना ना घरात मिळाले, ना बाहेर. कारण अभिनय हे काम आहे, आठ-दहा-बारा तास अंग मोडून करायचे काम आहे, हेच आपण मनापासून मानलेले नाही.

हा विचार मनात घोळू लागला तो आपल्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकामुळे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे ते आत्मकथन. आधी ते 'माणूस'मधून प्रसिद्ध झाले, १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढले. हंसाबाईंनी सांगितले आणि अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केले. पुढल्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हंसाबाई गेल्या. पुस्तकाचे नाव त्यांच्याच चित्रपटावरून घेतलेले. अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. आज एखादा मराठी चित्रपट तीन आठवडे टिकला तरी आपण पेढे वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो.

ग्रंथालयातील प्रतीची काही पाने बोटांनी पार मऊ झालेली आहेत. कोणती पाने ते सांगायला नको. स्टुडिओतील कामाविषयीची पाने मात्र अजून करकरीत आहेत. पन्नास वर्षांत कोणी काय वाचले, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळायचा नाही. "फार धीट पुस्तक आहे" असे जो तो सांगतो. धीट आहेच. पण मला त्यात सर्वांत धीट वाटला तो हिशेब.

हिशेब असा. हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा, कलावंतांच्या घराण्यातला. घरची स्थिती ओढगस्तीची. १९३६ साली 'विजयाची लग्ने' हा त्यांचा पहिला चित्रपट आला, तेव्हा ही मुलगी तेरा वर्षांची होती. तेराव्या वर्षी आपल्यापैकी बहुतेक जण आठवीच्या चाचणीत त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढीत होतो. तिच्यावर त्या वयात घर होते. पुढे ती मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये गेली. १९३९ सालच्या 'नवजीवन'मध्ये ती आहे, म्हणजे वय सोळा. मग पुण्याच्या प्रभातमध्ये 'संत सखू', १९४१ साल, वय अठरा. आपण ज्या वयात प्रवेशाचे अर्ज भरतो त्या वयात तिच्या नावावर चित्रपट चालत होते आणि तिच्या मिळकतीवर घर.

लग्न लवकर झाले, वयाने मोठ्या आणि आधीपासून घरोबा असलेल्या माणसाशी. आता काम सोडून संसार करावा अशी तिची स्वतःची इच्छा होती. मला वाटते, हे वाक्य आपण नीट वाचले पाहिजे. सिनेमाच्या मोहापायी घरादाराकडे पाठ फिरवलेली बाई, असे तिचे चित्र लोकांनी रंगवले. पण ती मुलगी तर घरच मागत होती. तिला ते मिळाले नाही, कारण तिने घरी बसणे घराला परवडणारे नव्हते. करार होत राहिले आणि ती स्टुडिओत जात राहिली. ज्यांना तिचे काम हवे होते, त्यांनाच तिच्या कामाविषयी संशयही होता. पैसा गोड लागे आणि तो ज्या दारातून येई ते दार मात्र बदनाम. असा व्यवहार आपल्या समाजाने किती सहजपणे केला आहे!

'संत सखू'ची गोष्ट आपल्या सर्वांना आजीकडून ऐकून ठाऊक आहे. सखूला पंढरीला जायचे असते. सासू तिला डांबून ठेवते. अखेर सखू वारीला जाते, पण कशी? खुद्द पांडुरंग सखूचे रूप घेऊन तिच्या घरी राहतो, दळतो, पाणी भरतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला देवाच्या दयाळूपणाचे कौतुक वाटत असे. आता तिच्यातला दुसरा अर्थ दिसतो. बाईला स्वतःच्या ओढीने कुठे जायचे असेल, तर तिच्या जात्यावर दुसरे कोणीतरी बसल्याखेरीज तिला जाता येत नाही, आणि घरातले कोणी बसत नाही म्हणून देवाला यावे लागते. संतकथेनेही सासऱ्याला किंवा नवऱ्याला जात्यावर बसवले नाही! अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ही सखू पडद्यावर उभी केली. त्यांच्या स्वतःच्या जात्यावर बसायला मात्र कोणी पांडुरंग आला नाही.

सहाच वर्षांनी, १९४७ साली, 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये याच बाई तमाशातील बया झाल्या. तिथे नजर उचलायची आणि सखूला ती खाली ठेवायची. तिथे पाऊल ठसक्याने पडायला हवे, सखूचे पाऊल वाजताही कामा नये. हे दोन्ही एकाच अंगाने करायचे म्हणजे काय, याचा विचार आपण करीत नाही. सोवळी सखू पाहून लोक हात जोडतात आणि तमाशातील बया पाहून शिट्टी मारतात. दोन्ही वेळा प्रेक्षक भूमिकेलाच बाई समजतात. त्यातली बया अधिक लक्षात राहिली आणि हंसाबाई म्हणजे तमाशापटातील बाई, असे समीकरण होऊन बसले. १९५० सालच्या 'पुढचं पाऊल'मध्ये त्यांच्यासमोर पु. ल. देशपांडे होते. पु. लं.ना कोणी पडद्यावरील भूमिकेवरून ओळखले नाही. त्यांची ओळख त्यांनी स्वतः निवडली. हंसाबाईंना ती निवड नव्हती.

या पुस्तकातील आणखी एक भाग मला विसरता येत नाही. आयुष्याच्या एका वळणावर हंसाबाई घर सोडून मराठवाड्यातील एका खेड्यात, आधीच संसार असलेल्या माणसाच्या घरी जाऊन राहिल्या. तिथे स्टुडिओ नव्हता, प्रकाशझोत नव्हता, त्यांच्या नावाची पाटी नव्हती. नुसते घर होते. जे त्यांनी जन्मभर मागितले, ते निव्वळ, शुद्ध घर! आणि त्या घराचा कोंडवाडा झाला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची चोरी. तेथून सुटण्यासाठी त्यांना पुन्हा त्याच जुन्या घराकडे हाक मारावी लागली. कामाशिवाय घर आणि घराशिवाय काम, या दोहोंपैकी एकच निवड असे आपण बाईला सांगतो. हंसाबाईंनी दोन्ही टोके पाहिली. दोन्हीकडे त्यांच्यासाठी जागा नव्हती.

त्या निर्दोष होत्या, असे मला म्हणायचे नाही. पुस्तकात दारू आहे, चुकलेले निर्णय आहेत, आणि त्या काही लपवीत नाहीत. पण दारू पिणाऱ्या नटांच्या आठवणी आपण 'कलंदर' म्हणून कौतुकाने सांगतो. बाई स्वतः सांगते तेव्हा तिला दुसरा शब्द वापरतो. प्राध्यापक मंडळींनी मला कलंदर या शब्दाचे स्त्रीलिंग शिकवावे, मी आभारी होईन.

'नाव' या शब्दाचेही असेच आहे. नाव होते, नाव निघते, नाव जाते, आणि ज्याचे नाव होते त्यालाच लोक नावे ठेवतात. रतन साळगावकर पडद्यावर आली ती हंसा वाडकर होऊन. घराण्याचे नाव मागे राहिले, कमाई मात्र घरात आली. कीर्ती म्हणजे काय, हे याहून थोडक्यात कसे सांगणार? लोक ज्या नावाला ओळखतात ते आपले नाही, आणि जे आपले आहे त्याला कोणी ओळखत नाही.

येथे कोणी म्हणेल, सर्वच नट्यांचे असे झाले नाही. दुर्गाबाई खोट्यांचे पाहा. जरूर पाहू. दुर्गाबाई १९०५ साली जन्मल्या, सुखवस्तू लाड कुटुंबात. वडील सॉलिसिटर. शिक्षण सेंट झेवियर्स महाविद्यालयापर्यंत. लग्न मोठ्या घरात झाले, पण घराची आर्थिक घडी विस्कटली आणि दोन मुलांची आई असलेल्या दुर्गाबाई चित्रपटात आल्या. १९३१ सालच्या 'फरेबी जाल'मधील लहानशा कामाबद्दल त्यांनाही लोकांचे बोल ऐकावे लागले. मग शांतारामबापूंनी त्यांना प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती केले. तो १९३२ साल. मराठीतील तो पहिला बोलपट.

या तारामतीला एक इतिहास आहे. फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, कारण त्या कामाला बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी ती वाट काही रुळली नाही. एकोणीस वर्षांनंतर कुलीन घरातील, कॉलेजात शिकलेली बाई तारामती होते, तेव्हा लोक म्हणतात, चित्रपटाला प्रतिष्ठा आली. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. प्रतिष्ठा दुर्गाबाईंच्या अभिनयाने आली की त्यांच्या माहेरच्या आडनावाने? त्यांचे घराबाहेर पडणे हे 'धाडस' ठरले. कलावंतांच्या घरातील रतनचे तेच पाऊल म्हणजे 'रक्तातच आहे' असे ठरले. दोघीही घरासाठीच बाहेर पडल्या होत्या. काम एक, कारण एक. फक्त जन्म वेगळा.

दुर्गाबाईंची थोरवी यात कमी होत नाही. त्यांनी १९३७ साली 'साथी' या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शन केले, रंगभूमीवर काम केले, 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाई साकारली, पुढे स्वतःची चित्रसंस्था उभी केली, १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्याच्या आदल्या वर्षीचे. शीर्षकातील तो 'मी' आणि त्यानंतरचा स्वल्पविराम मला फार आवडतो. पण एक फरक लक्षात येतो: दुर्गाबाईंकडे शिक्षण होते, म्हणून करार वाचता येत होता. आपल्या कमाईचा हिशेब आपल्या हाती ठेवता येणे, ही दोघींच्या आयुष्यातील मोठी तफावत आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकून काय मिळते, असे मला अधूनमधून विचारले जाते. त्याचे एक उत्तर मला या दोन पुस्तकांच्या मध्ये सापडले.

आता कामाविषयी. नटीचे काम म्हणजे नटणे, एवढाच अर्थ आपण शब्दावरून घेतो. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात पार्श्वगायन नव्हते. नटीला कॅमेऱ्यापुढे चालता-चालता, चेहऱ्यावर भाव ठेवून स्वतःच गावे लागे, आणि चूक झाली की पुन्हा सारे पहिल्यापासून. ललिता पवार यांचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकाराची चपराक जोरात बसली आणि चेहऱ्याच्या नसेला इजा झाली. उपचारात काही वर्षे गेली, डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कामे संपली. पण जो डोळा दोष ठरला असता, त्यालाच त्यांनी हत्यार केले आणि पडद्यावरील खाष्ट सासू अशी वठवली की, १९८७ सालच्या दूरदर्शनवरील 'रामायणा'तील त्यांची मंथरा आजही लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. गिरणीत कामगाराचा हात यंत्रात गेला तर आपण त्याला अपघात म्हणतो आणि भरपाई मागतो. नटीचा चेहरा कामावर गेला तर आपण त्याला किस्सा म्हणतो.

हंसाबाईंचे पुस्तक ज्यांनी काम म्हणून वाचले, त्यांच्यात स्मिता पाटील यांचे नाव घ्यावे लागेल. श्याम बेनेगल यांनी त्या आत्मकथनावरून १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला. स्मिता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. दूरदर्शनवर बातम्या देणारी ही मुलगी त्या चित्रपटात कोवळ्या तरुणीपासून थकलेल्या बाईपर्यंत वाढत जाते. शिवाय ती नटीची भूमिका करणारी नटी आहे: चित्रपटातल्या चित्रपटात जुन्या काळचा ठसठशीत अभिनय, आणि मेकअप पुसल्यावरचे घरातील वागणे, ही दोन्ही वेगळी ठेवून एकाच बाईची वाटली पाहिजेत. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९८२ साली जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त त्यांनी घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होणारी सुलभा केली. १९८६ च्या डिसेंबरात, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. हंसाबाईंची गोष्ट सांगणाऱ्या या बाईविषयीही, तिच्या कामापेक्षा तिच्या संसाराचीच चर्चा लोकांनी जास्त केली. म्हणजे पुस्तक आले, चित्रपट आला, पुरस्कार मिळाला, आणि प्रश्न जिथल्या तिथे!

हे सारे मुंबई-पुण्याचे, जुन्या काळाचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटेल. पण आपले काशीमीरा या धंद्याच्या दारातच आहे. नाक्यावरून घोडबंदरच्या रस्त्याला लागले की मालिकांचे सेट लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये वाडा असतो, वाड्यात तुळशीवृंदावन असते आणि वृंदावनातील तुळस प्लास्टिकची असते. माझी आई अशाच एका सेटवर चहा-नाश्त्याच्या ठिकाणी भांडी घासायला जाते. माझ्या फीचा काही भाग तेथून येतो. तेव्हा मालिकांना नाक मुरडण्याचा अधिकार मला जरा कमीच आहे.

आई पडदा मागच्या बाजूने पाहते. तिच्या सांगण्यात नवरा, सासू, गाडी, बंगला यांपैकी काही नसते. नायिका सकाळी सातला येते. मे महिन्यात नऊवारी आणि दागिने घालून दिव्यांच्या उजेडात उभी राहते, आणि पंखा बंद असतो, कारण पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो. जेवण तीन वाजता. संवादाचे कागद कधीकधी शॉटच्या अर्धा तास आधी हातात पडतात. रात्री निघताना ती मेकअपच्या खुर्चीतच झोपलेली असते. एकदा आई म्हणाली, "ती पण आमच्यासारखीच गं, शिफ्टवाली." नाट्यशास्त्रावरील टिपा मी वर्गात उतरवून घेतल्या आहेत, पण नटीविषयी इतके सरळ वाक्य मला त्यांत आढळले नाही.

आपल्याच भागात लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. त्या नावामागेही हीच गोष्ट आहे. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई तेरा वर्षांच्याही नव्हत्या. घर चालवण्यासाठी त्यांनी चित्रपटांत लहान-मोठ्या भूमिका केल्या. 'पहिली मंगळागौर' त्याच वर्षीचा. अभिनय त्यांना आवडत नसे, तरी केला. आज त्यांच्या नावाच्या इमारतीपुढून जाताना आपण आवाज आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण घर चालवणारी ती मुलगीही आठवावी.

मग आपल्या महाविद्यालयात काय चालते? दर वर्षी एकांकिका बसते आणि दर वर्षी मुली मिळत नाहीत. यंदा माझ्या वर्गातील एका मुलीची निवड झाली होती. वाचन इतके सुरेख की दिग्दर्शक मुलगा पान उलटायला विसरला. चार दिवसांनी तिने नाव काढून घेतले. घरून नकार. तालीम सात वाजेपर्यंत चालते, लोक काय म्हणतील? हीच मुलगी सुटीच्या दिवशी मॉलमधील दुकानात रात्री दहापर्यंत उभी असते. तिथे ती हसून बोलते, अनोळखी माणसांना कपडे दाखवते, आणि महिनाअखेर पैसे घरी देते. ते चालते, कारण तो 'जॉब' आहे. रंगमंचावर तिने हसून बोललेले चालत नाही, कारण ती 'नाटके' आहेत. तिच्या जागी अखेर पात्रच कापले, आणि एकांकिकेतील आई दुसऱ्या खोलीतून नुसता आवाज देऊ लागली. १९१३ साली बाई मिळेना म्हणून साळुंक्यांना लुगडे नेसवले; आपण तर बाईच रंगमंचावरून काढून टाकली. याला प्रगती म्हणावे काय?

पालकांची काळजी खोटी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. संध्याकाळनंतर महामार्गाच्या कडेला बसची वाट पाहत उभे राहणे काय असते, ते मुलींना ठाऊक आहे. आणि हे क्षेत्र साधेसरळ आहे, असा दावा कोण करील? केरळात २०१७ साली चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला मिळाला आणि लोकांपुढे यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. त्यात लैंगिक छळ आहे, तसेच चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नसणे, कपडे बदलायला आडोसा नसणे, हेही आहे. ते वाचून कोणी म्हणेल, पाहा, म्हणूनच मुलींना पाठवू नये. मला उलट वाटते. कारखान्यात संडास नसेल तर आपण संडास मागतो, कामगाराने घरी बसावे असे म्हणत नाही. जोवर अभिनय हा आपल्याला नाद, छंद किंवा पाप वाटतो, तोवर तेथील त्रास हा बाईच्या चारित्र्याचा प्रश्न राहील. तो काम आहे असे एकदा मान्य केले की, त्रास हा कामाच्या जागेचा प्रश्न होतो, आणि कामाच्या जागेसाठी कायदा असतो. २०१३ साली तसा कायदा झालेलाही आहे.

तेव्हा नुसती हळहळ पुरे. काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. एकांकिकेच्या तालमी सकाळी अकरा ते चार या वेळात घ्याव्यात. खेळाडूंना जशी हजेरीची सवलत मिळते तशी तालमीतील मुलामुलींना मिळावी. प्रयोगाच्या आठवड्यात उशीर होणारच असेल, तर शेवटची मुलगी बसमध्ये बसेपर्यंत एखाद्या प्राध्यापकांनी थांबावे, आणि तसे पत्र महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी घरी जावे. आमच्या घरांत शिक्क्याला मान आहे. ज्या घरातून कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्या घरात तर जास्तच. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना 'सांगत्ये ऐका' आणि 'मी, दुर्गा खोटे' ही पुस्तके शेजारी-शेजारी ठेवून शिकवावीत. स्त्रीचे काम, पैसा, जात आणि कीर्ती यांवर चार तास उत्तम चर्चा होईल, अशी माझी खात्री आहे.

राहता राहिला तो प्रश्न. घर कसे सांभाळता, हे विचारूच नये असे माझे म्हणणे नाही. घर सांभाळणे हेही मोठे काम आहे. माझी आई दोन्ही शिफ्ट करते, मला ते दिसते. फक्त हा प्रश्न नटालाही विचारावा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. नटीला मात्र त्याच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हे काम तुम्ही कसे करता? आणि दुसरा, करारावर सही कोण करते?

हंसाबाईंना हे दोन प्रश्न त्यांच्या हयातीत किती जणांनी विचारले असतील, कोण जाणे. त्यांनी मात्र न विचारता सांगून ठेवले आहे. पुस्तक ग्रंथालयात चरित्र-आत्मचरित्राच्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी ते परत येईल तेव्हा त्याची करकरीत पानेही थोडी मऊ झालेली असावीत, एवढीच इच्छा.